जुन्या ४०७वर टोचनाची बॉडी: स्लायडिंग बेड, फिक्स बेड की अंडरलिफ्ट?

जुनी टाटा ४०७, जुनी आयशर किंवा टाटा ७०९ घ्यायची आणि तिच्यावर टोचनाची, म्हणजे बंद पडलेली गाडी उचलून न्यायची, बॉडी चढवायची, हा धंद्यात उतरायचा सगळ्यात स्वस्त रस्ता. पण बहुतेक जण बॉडीवाल्याकडे जाऊन आधी विचारतात, "सोळा फुटी स्लायडिंग बेडचे किती?" हा प्रश्न दोन पायऱ्या पुढचा आहे. आधी चासीला टेप लावायची, मग वजनकाट्यावर जायचे आणि त्यानंतर बॉडीचे नाव काढायचे. मागे सरकून तिरका होणारा स्लायडिंग बेड, चासीवर कायम पक्का फिक्स बेड आणि गाडीची दोनच चाके उचलून ओढणारी अंडरलिफ्ट, बाजारात सध्या मिळणाऱ्या या तिन्ही प्रकारच्या बॉड्यांचे हे परीक्षण त्याच क्रमाने केले आहे.

आधी टेप. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९३ सांगतो की मागच्या ॲक्सलच्या मागे जाणारी बॉडी, म्हणजे ओव्हरहँग, व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आता दोन चासी घेऊन हिशेब करू. मापे उदाहरणाची आहेत, आपल्या गाडीवर स्वतः मोजावीत. पहिली पुढे बोनेट असलेली: व्हीलबेस ३,३०० मिमी, केबिनच्या पाठीपासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत २,००० मिमी. ओव्हरहँग जास्तीत जास्त १,९८० मिमी. केबिनमागे १०० मिमी मोकळे सोडायचेच, नाहीतर खड्ड्यात चासी पिळली की हेडबोर्ड (बेडची पुढची भिंत) केबिनला घासते. उरला ३,८८० मिमीचा बेड, म्हणजे पावणेतेरा फूट. त्यातले पुढचे ३०-४० सेंटीमीटर विंच, म्हणजे गाडी रोपने वर ओढणारा रहाट, खाते. स्विफ्टसारखी ३.८५ मीटरची गाडी त्यावर चढते, पण मागचा बंपर बेडबाहेर राहतो आणि मागचे पट्टे बांधायला सरळ कोन मिळत नाही.

दुसरी सपाट तोंडाची: व्हीलबेस ३,८००, केबिन ते ॲक्सल २,७००. ओव्हरहँग २,२८० मिमी, बेड ४,८८० मिमी. म्हणजे बरोबर सोळा फूट. विंचची जागा सोडली तरी ४,७३५ मिमीच्या इनोव्हा क्रिस्टाची चारही चाके यावर नीट बसतात, मागचा बंपर तेवढा थोडा बाहेर राहतो.

बेडची लांबी चासी ठरवते, ती बॉडीवाल्याच्या हातात नाही. "काही होत नाही, सोळा फुटी करून देतो" असे आखूड चासीवर कोणी म्हणाले तर दोन गोष्टी होणार आहेत. पासिंगला गाडी अडकेल, आणि त्याआधी घाटात पुढची चाके हलकी लागतील. पहिल्या उदाहरणात बेडचा मध्य मागच्या ॲक्सलच्याही ४० मिमी मागे पडतो. म्हणजे बॉडीचे आणि वरच्या गाडीचे सगळे वजन मागच्या ॲक्सलवर, पुढच्याला काहीच नाही. दुसऱ्या उदाहरणात मध्य ॲक्सलच्या १६० मिमी पुढे येतो. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण कसारा किंवा खंबाटकी उतरताना स्टिअरिंगमध्ये लगेच कळतो. म्हणूनच इंजिन पुढे असलेली गाडी तोंड केबिनकडे करून चढवावी, तिचे जड टोक ॲक्सलच्या पुढे येते.

आता वजन. सोळा फुटी, २.१ मीटर रुंद स्लायडिंग बेडचे लोखंड हाताने मोजता येते आणि प्रत्येक घेणाऱ्याने ते एकदा मोजावेच. ३ मिमीची चेकर प्लेट चौरस मीटरला साधारण २५ किलो भरते. १०.२५ चौरस मीटरला २५५ किलो. खालचे दोन लांब १२५चे चॅनल, मीटरला १३ किलोने, १२७ किलो. आडवे बारा ७५चे चॅनल, मीटरला ७ किलोने, १७५ किलो. बाजूच्या पट्ट्या ५० किलो. नुसता बेडच सहाशेच्या पुढे गेला. सबफ्रेम (चासीवर बसणारा खालचा सांगाडा) १४०, टिल्ट फ्रेम (बेडसकट तिरका होणारा सांगाडा) १७०, हेडबोर्ड-टूलबॉक्स-मडगार्ड १००, तीन जॅक १८०, विंच आणि रोप ६०, तेलाची टाकी-पंप-पाईप ८०. एकूण १,३४० किलोच्या आसपास.

आरसीवर ग्रॉस, म्हणजे भरलेल्या गाडीचे कमाल वजन, ५,७०० किलो असलेली आणि रिकामी चासी केबिनसकट २,३०० भरणारी गाडी धरा. तिच्यावर ही बॉडी, ड्रायव्हर-हेल्पर १५० आणि पट्टे-जॅक-फळ्या १०० टाकल्या की ३,८९० झाले. उरले १,८१०. हॅचबॅक, सेडान, छोट्या एसयूव्ही सगळ्या येतात. क्रिस्टा काठावर आहे, फॉर्च्युनर नाही. हीच बॉडी ७,००० ग्रॉसच्या, २,६०० किलोच्या चासीवर टाकली तर २,८०० किलो उरतात आणि कुठल्याही घरगुती गाडीला नाही म्हणावे लागत नाही. चासी काट्यावर नेताना डिझेल टाकी भरलेली आणि स्टेपनी जागेवर असू द्या. एकदा पूर्ण गाडी आणि एकदा फक्त मागची चाके काट्यावर घेऊन दोन पावत्या करून ठेवा. या दोन पावत्या पुढे कोटेशनपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

स्लायडिंग बेड

कामाच्या दृष्टीने हीच सर्वांत चांगली बॉडी, यात वाद नाही. चारही चाके रस्त्यावरून उचलली जातात, त्यामुळे ऑटोमॅटिक, ऑल-व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाड्या बिनघोर नेता येतात. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना आतून तेल मिळत नाही आणि ते जळतात. इलेक्ट्रिक गाडीत चाकांबरोबर मोटरही फिरते. अशा गाड्यांचे काम करायचे असेल तर दुसरा विचार करू नये. पण त्यासाठी चासी लांब हवी, पीटीओ (गिअरबॉक्समधून तेलाच्या पंपाला ताकद देणारा जोड) हवा आणि बांधणारा हात कसलेला हवा.

पीटीओवर थोडे थांबायला हवे, कारण जुन्या चासीवर पैसा इथेच वाचवायला बघतात आणि इथेच फसतात. बेड मागे न्यायला ६३ मिमीचा, २.४ मीटर स्ट्रोकचा जॅक असेल तर त्यात साडेसात लिटर तेल जाते. उचलायला ८० मिमीचे दोन जॅक, ६० सेंटीमीटर स्ट्रोकचे, त्यांत सहा लिटर. एका वेळेला साडेतेरा लिटर. पीटीओवरचा १६ सीसीचा पंप हजार फेऱ्यांना मिनिटाला १६ लिटर देतो, म्हणजे काम मिनिटाच्या आत. बॅटरीवरचा १२ व्होल्टचा पॉवर पॅक (मोटर-पंपाचा संच) चार-पाच लिटर देतो, म्हणजे तीन मिनिटे. गाडी चढवताना खाली-वर, उतरवताना पुन्हा खाली-वर, अशी दहा-बारा मिनिटे तो पॅक २०० अँपिअर ओढत असतो. वर इलेक्ट्रिक विंच तीन मिनिटे. एका खेपेला ५५ ते ६० अँपिअर-अवर गेले. जुन्या ४०७चा अल्टरनेटर ते भरून काढायला तासभर घेईल. तिसऱ्या खेपेला गाडी स्टार्टरला गुरगुरते ती याच हिशेबाने. स्लायडिंग बेडला पॉवर पॅक लावून स्वस्त दर देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

गिअरबॉक्सच्या बाजूला पीटीओची खिडकी आहे का, हे गाडीखाली वाकून आधी बघा. बोल्ट मारलेली चौकोनी झाकणपट्टी दिसते. नसेल तर क्रँक पुलीवरून पट्ट्याने पंप चालवता येतो, पण त्याचा ब्रॅकेट इंजिनावर घट्ट हवा. चासीवर ब्रॅकेट बसवला तर इंजिन हलते आणि ब्रॅकेट हलत नाही, मग दर महिन्याला पट्टा जातो. पीटीओ लागलेला असताना केबिनमध्ये दिवा आणि बझर हवाच. चुकून पीटीओ तसाच ठेवून हायवेला गाडी पळवली की पंपाचे सील फुटते आणि टाकी रस्त्यावर रिकामी होते.

पुढची गोष्ट उचलण्याच्या जॅकचा कोन. ८० मिमीचा जॅक १५० बार दाबाला साडेसात टन जोर देतो, दोघांचा पंधरा. पण जॅक जवळजवळ आडवा झोपलेला असतो. सुरुवातीला कोन १२ अंश असेल तर त्या पंधरा टनांतले वर उचलायला तीनच टन मिळतात. उंची कमी ठेवण्याच्या नादात कोन ७-८ अंशांवर आणला की भरलेला बेड पहिल्या इंचालाच अडतो. मग मेस्त्री रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) आवळतो, दाब २०० बारच्या पुढे जातो आणि होज (तेलाचा रबरी पाईप) फुटतो. दोष होजचा नसतो, कोनाचा असतो. कोटेशनसोबत जॅकच्या पिनांची मापे दाखवणारे साधे रेखाचित्र मागा.

बेड जमिनीपासून सव्वा मीटरवर गेला की चढ उभा होतो. मीटरभर उंची आणि बिजागरीपासून शेपटीपर्यंत ४.६ मीटर असेल तर चढ साडेबारा अंशांचा पडतो. एवढ्यावर बहुतेक गाड्या चढतात. खाली बसलेल्या सेडानला पुढच्या चाकांखाली दोन फळ्या लागतात. बेडच्या शेपटीला ३०० मिमीचे तासलेले टोक असेल तर फळ्यांचे काम निम्मे होते, आणि त्या टोकाला ३ नव्हे, ५ मिमी प्लेट हवी.

बेड ज्यावर सरकतो तिथे नायलॉनच्या पट्ट्या हव्यात, बोल्टने बदलता येतील अशा. लोखंडावर लोखंड सरकवून वर ग्रीस फासणारी बॉडी पहिल्या पावसाळ्यापर्यंत छान चालते. नंतर चिखल आणि ग्रीस मिळून पॉलिश पेपर तयार होतो.

फिक्स बेड

बेड कायम चासीवर पक्का, मागे दोन रॅम्प, पुढे विंच. जॅक नाहीत, टिल्ट फ्रेम नाही, म्हणून ४०० किलोच्या आसपास वजन वाचते आणि किंमतही बरीच खाली येते. पण मीटरभर उंचीला दोन मीटरचे रॅम्प लावले तर चढ तीस अंशांचा होतो. गाडीचा पुढचा बंपर रॅम्पला आणि मधला भाग बेडच्या काठाला टेकतो. ॲक्सिडेंटची, चाक तुटलेली गाडी यावर चढवणे म्हणजे तिचे आणखी नुकसान. शोरूम ते यार्ड अशी चालू गाड्यांची ने-आण, जिथे दोन्हीकडे धक्का आहे, तिथे ही बॉडी ठीक. रस्त्यावरच्या टोचनाला घेऊ नये.

अंडरलिफ्ट

आखूड व्हीलबेसच्या जुन्या ४०७ला हीच बॉडी शोभते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागून एक बाहू निघतो, त्याच्या टोकाच्या आडव्या दांड्यावर चाकांचे दोन पाळणे, पट्ट्याने चाके बांधली की उचलायचे. बॉडीचे वजन ६००-७०० किलो, पॉवर पॅकवर भागते कारण जॅक लहान आणि काम मिनिटभराचे, आणि पुण्या-मुंबईच्या गल्लीत, बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवर ती शिरते. साखळी-हुकाच्या जुन्या बूमपेक्षा कितीतरी चांगली. हुकाने हल्लीचे प्लास्टिकचे बंपर जागेवर राहत नाहीत.

मर्यादा उचलण्याच्या वजनाची नाही, पुढच्या ॲक्सलची आहे. पाळणा मागच्या ॲक्सलच्या दोन मीटर मागे असेल आणि ७०० किलो उचलले, तर ३,३०० व्हीलबेसवर पुढच्या ॲक्सलवरून ४२५ किलो जातात. मागच्यावर ११२५ वाढतात. बॉडी बसवल्यावर पुढचा ॲक्सल काट्यावर १,४५० भरत असेल तर १,०२५ राहिले, चांगले आहे. १,२०० उचलले तर ७२७ जातात आणि निम्मेच उरतात. ही निम्म्याची रेषा टोचनवाल्यांनी पक्की पाळावी, त्याखाली पुढचे ब्रेक आणि स्टिअरिंग भरवशाचे राहत नाहीत. म्हणून बॉडीवाला "तीन टन उचलते" म्हणाला तरी त्या तीन टनांना अर्थ नाही. या चासीवर ती १,२०० किलोची बॉडी आहे. क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओचे तोंड हजारच्या आसपास भरते, ते चालते. माल भरलेली पिकअप मागून उचलणे चालत नाही.

ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी मागच्या चाकांखाली लावायच्या छोट्या ट्रॉल्यांचा संच घ्यावा लागतो. त्याची किंमत बॉडीच्या कोटेशनमध्ये नसते, वेगळी धरा.

चासी आणि जोडणी

जुन्या चासीवर बॉडी चढवण्याआधी जुनी बॉडी पूर्ण उतरवून वायर ब्रश मारा. दोन जागा नीट बघायच्या: केबिनच्या लगेच मागे, आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरजवळ. तडा सहसा फ्लँजच्या (चासीच्या चॅनलच्या आडव्या पट्टीच्या) काठावरून सुरू होतो आणि बोल्टच्या भोकाकडे जातो. धुळीत त्याची गंजाची बारीक, तांबूस रेघ दिसते. शंका वाटली तर डाय पेनेट्रंटचे तीन डबे आणा: पुसायचे, लाल मारायचे, दहा मिनिटांनी पुन्हा पुसून पांढरे मारायचे. तडा असेल तर लाल रेघ वर उमटते. मग दोन्ही कर्ण मोजा. ६ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चासी तिरकी आहे, तिच्यावर स्लायडिंग बेड कधीच सरळ सरकणार नाही. दोन्ही बाजूंच्या पाट्यांची उंचीही मोजा, बसलेले पाटे आधी बदलायचे.

सबफ्रेम चासीला वेल्ड करणारा बॉडीवाला अजूनही भेटतो. तिथून निघावे. फ्लँजला वेल्ड नाही, भोकही नाही. यू-बोल्ट लावताना चासीच्या पोटात लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा हवा, नाहीतर आवळताना फ्लँज चिमटतो. मागच्या भागात बाजूच्या पट्ट्या, चासीच्या उभ्या भागाला बोल्टने. सबफ्रेमचे केबिनकडचे टोक निमुळते कापलेले हवे. चौकोनी टोक ठेवले की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि वर्षभरात केबिनमागे तडा दिसतो. वेल्डिंग चालू असताना बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढलेल्या, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच. चिमटा लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो.

किंमत कशी वाचायची

"बॉडी कम्प्लीट, रंगासकट" असा एक आकडा कधीही मान्य करू नका. लोखंडाचा दर आठवड्याला बदलतो. हिशेबापुरता ६५ रुपये किलो धरू. वरच्या बेडमध्ये निव्वळ लोखंड हजार-एक किलो, ६ टक्के कापाकापीत जाते, म्हणजे ७० हजारांच्या आसपास. पूर्ण बॉडीच्या किमतीत लोखंडाचा वाटा एवढाच. खरा पैसा हायड्रॉलिक, मजुरी आणि विंचमध्ये आहे. म्हणून ३ऐवजी २.५ मिमी प्लेट लावून दर पाडणाऱ्याने तुमचे फक्त ४० किलो, म्हणजे २,६०० रुपये वाचवलेले असतात. बदल्यात चाकांखाली प्लेटला खळगे पडतात आणि त्यात पाणी साचते.

कोटेशनमध्ये लिहून घ्यायचे ते असे: प्रत्येक चॅनलचे माप, प्लेटची जाडी, जॅकचा बोअर-रॉड-स्ट्रोक, पंपाचा सीसी, होज कितीच्या दाबाचे, विंचची ओढ रोपच्या पहिल्या थरावरची की शेवटच्या, आणि बॉडीचे वजन अधिक-उणे ५ टक्के. वजनाची हमी द्यायला जो कां-कू करतो त्याने कधी आपली बॉडी काट्यावर नेलेली नाही. जॅकवर लॉक व्हॉल्व्ह आहेत का, हे वेगळे विचारा. ते नसतील तर होज फुटताच बेड खाली येतो. टाकी ४५-५० लिटर, रिटर्न फिल्टरसह. तेल ४६ नंबरचे, विदर्भातल्या उन्हाळ्यात ६८. पहिले तेल शंभर तासांत बदलायचे, वेल्डचा चुरा त्यात असतो.

चासी तुमची आणि बॉडी त्यांची असेल तर पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. बिनबिलाचा दर गोड वाटतो, पण विमा कंपनी आणि आरटीओ दोघेही बिल मागतात. बॉडी बदलायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी परवानगी, नंतर तपासणी आणि आरसीवर नवा बॉडी प्रकार, नवे रिकामे वजन. हे काम बॉडीवाला करणार की तुम्ही, लिहून घ्या. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. फिटनेसचे शुल्क गाडीच्या वयाबरोबर चढते, म्हणून पंधरा-वीस वर्षांच्या चासीवर लाखांची बॉडी टाकण्याआधी हा वर्षाचा खर्च मांडा. वर घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीचे नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही, ते कव्हर वेगळे मागावे लागते.

भंगारात निघालेल्या गाडीची जुनी बॉडी मिळत असेल तर जॅकच्या रॉडवर नख फिरवा. खड्डे लागले तर नुसत्या सील किटने भागणार नाही, रॉडला नवे क्रोम लागेल. बिजागरीची पिन हाताने हलली तर बुश आणि पिन दोन्ही लेथवर. आणि लांबी जुळत नाही म्हणून बेड मधून कापून जोडलेला असेल तर घेऊ नये. कोकणातली बॉडी असेल तर बॉक्स पाईपच्या खालच्या बाजूला हातोडीने ठोकत जा. पाणी निघायला भोके ठेवलेली नसली की पाईप आतून खलास होतो आणि बाहेरचा रंग चकाकत राहतो.

ताबा घेताना रंग नंतर बघा. जमेल तेवढी जड गाडी वर घ्या, बेड मागे सरकवून अर्ध्यावर उचला, इंजिन बंद करा आणि जॅकच्या रॉडवर खडूने रेघ मारा. अर्ध्या तासाने रेघ हलली असेल तर पैसे थांबवा. मग गाडीचे एक मागचे चाक विटेवर चढवून बेड पुन्हा पूर्ण मागे-पुढे करा, कारण रस्त्याच्या कडेला गाडी कधी सपाट उभी नसते. इथे बेड अडकला तर पट्ट्यांमधली फट कमी आहे. शेवटी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा काटा. पावती सुरुवातीच्या दोन पावत्यांना जोडून ठेवा आणि बाकीचा हप्ता त्यानंतर द्या.